खडा कोणत्या वाटेने काढणार, ते विचारा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘लेसरने पथरी, चीर नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी’ अशा मजकुराचे फलक बडोद्यात आता जागोजागी दिसतात. दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागांतली मराठी मंडळी मुतखड्याचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जातात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘लेसरने करता ना?’ हाच असतो. या प्रश्नाच्या उत्तरातून निर्णयाला उपयोगी पडेल असे काहीच कळत नाही. लेसर हे खडा फोडायचे एक हत्यार आहे. ते लघवीच्या मार्गाने वर नेता येते, तसेच पाठीत पाडलेल्या छिद्रातूनही आत नेता येते. रक्तस्राव किती होईल, संसर्गाचा धोका किती, खडा एका बैठकीत पूर्ण निघेल की नाही, आत नळी किती दिवस राहील, हे सगळे ठरते ते वाटेवरून. म्हणून ‘खडा कोणत्या वाटेने काढणार आणि तीच वाट का?’ हा प्रश्न विचारायला हवा. त्याचे उत्तर समजून घेता यावे, एवढ्यासाठी हे पत्र थोडे लांबवले आहे.

सुरुवात तपासणीपासून करू. सोनोग्राफीच्या अहवालावर ‘डाव्या किडनीत ९ मिमीचा खडा’ एवढे लिहिलेले असते आणि तेवढ्यावर ऑपरेशनची तारीख ठरवली जाते. किडनीला आलेली सूज सोनोग्राफीत चांगली दिसते, म्हणून पहिल्या दिवशी ती करावीच. पण लहान खडा ती बऱ्याचदा आहे त्याहून मोठा दाखवते, आणि मूत्रवाहिनीच्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीच्या, मधल्या भागातला खडा आतड्यातल्या वायूमुळे तिला दिसत नाही. शस्त्रक्रिया ठरवायची तर साधा सीटी स्कॅन हवा, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता केलेला. तो करायला काही मिनिटे लागतात आणि कमी किरणमात्रेत होतो. त्यातून खड्याची लांबी-रुंदी, तो किडनीच्या नेमक्या कोणत्या कप्प्यात आहे ती जागा, त्याची घनता आणि पाठीच्या त्वचेपासून त्याचे अंतर कळते. मोठे आतडे किडनीच्या मागे सरकलेले आहे का, तेही दिसते. पाठीतून छिद्र पाडायचे असेल तर हे आधी बघणे अत्यावश्यक असते.

घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाण्याची घनता शून्य. युरिक ॲसिडचा खडा साधारणपणे ५०० च्या खाली भरतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा कठीण खडा १००० च्या वर जातो. अहवालात हा आकडा नसेल तर मागून घ्यावा. स्कॅनच्या संगणकावर तो मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत. या एका आकड्याने काहींचे ऑपरेशन टळते. घनता कमी असेल, साध्या एक्स-रेत खडा दिसत नसेल आणि लघवी सतत आम्ल असेल, तर तो युरिक ॲसिडचा असण्याची शक्यता दाट. मधुमेही, स्थूल आणि गाऊट असलेल्या रुग्णांत असे खडे जास्त आढळतात. लघवीचा सामू (आम्लतेचे माप, पीएच) पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने ७ ते ७.२ च्या आसपास ठेवला तर हा खडा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत विरघळतो. सामू घरीच रोज पट्टीने तपासायचा असतो. किडनीचे काम मंदावलेले असेल तर रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते, म्हणून हे औषध ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीवरून घेऊ नये. ‘खडा विरघळवणारे औषध’ हे खरे आहे ते एवढ्यापुरतेच. कॅल्शियमचा खडा कोणत्याही गोळीने किंवा सरबताने विरघळत नाही. कुळथाचे कढण जरूर प्यावे, त्याने पाणी पोटात जाते. पण १५ मिमीच्या कॅल्शियमच्या खड्यासाठी कढणावर सहा महिने काढणे म्हणजे किडनीचे सहा महिने पणाला लावणे आहे.

मूत्रवाहिनीत अडकलेला प्रत्येक खडा काढावा लागतो असेही नाही. ५ मिमीपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात. खालच्या भागात अडकलेला खडा ५ मिमीहून मोठा असेल तर टॅमसुलोसिन या मूत्रवाहिनी सैल करणाऱ्या गोळीने मदत होते. मात्र वाट बघण्याला मुदत असते, आणि ती साधारण चार आठवड्यांची. इथे एक चूक वारंवार होते. दुखायचे थांबले की घरचे म्हणतात, खडा पडला. अडथळा पूर्ण असला तरी काही दिवसांनी कळ कमी होऊ शकते, कारण तुंबलेली किडनी हळूहळू लघवी तयार करणेच कमी करते. खडा तिथेच असतो आणि किडनी मुकाट्याने फुगत राहते. खडा हातात पडला नसेल तर सोनोग्राफी किंवा स्कॅन पुन्हा केल्याखेरीज तो गेला असे धरू नये. एकच किडनी असलेला रुग्ण, थंडी वाजून ताप, थांबत नसलेल्या उलट्या, लघवी बंद होणे, रक्तातले वाढते क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावल्याची खूण), यांपैकी काहीही असेल तर वाट बघायचीच नाही.

आता वाटा. शरीरात काहीच न घालता बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडण्याचा प्रयोग माणसावर पहिल्यांदा म्युनिकमध्ये ७ फेब्रुवारी १९८० रोजी झाला. हा उपाय आजही चांगला आहे, फक्त रुग्ण निवडून घ्यावे लागतात: खडा साधारण २० मिमीच्या आत, घनता १००० च्या खाली, त्वचेपासून अंतर १० सेंटिमीटरच्या आत. धक्के मिनिटाला ६० ते ९० या संथ गतीने दिले तर खडा चांगला फुटतो. गर्भवती, रक्त गोठण्याचा दोष असलेले, लघवीत संसर्ग असलेले किंवा खड्याच्या खाली अडथळा असलेले यांच्यासाठी ही पद्धत नाही. फुटलेला चुरा मूत्रवाहिनीत रांग लावून अडकू शकतो, याची कल्पना रुग्णाला आधी द्यायला हवी.

दुसरी वाट लघवीच्या मार्गाची. खडा मूत्रवाहिनीत असेल तर बारीक, ताठ दुर्बिणीने तिथेच फोडतात. किडनीत असेल तर वाकणारी दुर्बीण लागते; तिचे टोक दोन्ही बाजूंना सुमारे २७० अंशांपर्यंत वळते आणि ती किडनीच्या बहुतेक कप्प्यांत पोचते. यालाच डॉक्टर ‘आरआयआरएस’ म्हणतात, आणि फलकांवरचे ‘लेसर ऑपरेशन’ बहुधा हेच असते. टाका नसतो हे खरे. रक्त पातळ करणारी औषधे बंद करता येत नसलेल्या हृदयरुग्णांसाठी तर हीच सर्वांत सुरक्षित वाट आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण तिच्या मर्यादा रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही. १० मिमी व्यासाच्या गोल खड्याचे आकारमान सुमारे अर्धा घन सेंटिमीटर असते, २० मिमीच्या खड्याचे चारहून थोडे अधिक. व्यास दुप्पट झाला की माल आठपट होतो. २००-२७० मायक्रॉनच्या, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या, तंतूतून येणाऱ्या लेसरने हा सगळा माल दळायचा असतो. म्हणूनच २० मिमीहून मोठ्या खड्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका पाठीतून जाणाऱ्या वाटेला पहिली पसंती देतात. मोठ्या खड्यावर आरआयआरएस करता येते, पण दोन, कधी तीन बैठका लागतात. हे ‘टाका नाही’ असे सांगतानाच सांगायला हवे. खालच्या कप्प्यातल्या खड्याची आणखी एक अडचण असते. चुरा झाला तरी तो गुरुत्वाकर्षणाने तिथेच बसून राहतो. म्हणून कुशल सर्जन तो खडा जाळीत पकडून आधी वरच्या कप्प्यात नेतो आणि मग फोडतो.

दुर्बीण वर जाण्यासाठी मूत्रवाहिनीत पोकळ म्यान सरकवतात. नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’मध्ये मोजतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. म्यानाची बाहेरची जाडी १२ ते १४ फ्रेंच, म्हणजे ४ ते साडेचार मिलिमीटरच्या पुढे असते. मूत्रवाहिनी तीन ठिकाणी अरुंद असते: किडनीतून निघते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे. काहींची ती मुळातच इतकी अरुंद असते की म्यान जातच नाही. अशा वेळी जोर लावला तर तिची भिंत फाटते आणि पुढे तिथे आकुंचन होऊन किडनी तुंबू शकते. योग्य मार्ग म्हणजे फक्त स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी मऊ नळी) ठेवून बाहेर येणे आणि दोन आठवड्यांनी, मूत्रवाहिनी सैल झाल्यावर, पुन्हा जाणे. नातेवाइकांना हे ‘ऑपरेशन फसले’ असे वाटते आणि त्यावरून दवाखान्यात वादही होतात. आमची आग्रहाची विनंती आहे की थांबणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवावा. ही शक्यता संमतिपत्रावर सही घेण्याआधी समजावून सांगणे हे मात्र डॉक्टरांचे काम आहे.

आरआयआरएसमधला खरा धोका डोळ्यांना दिसत नाही, तो असतो दाबाचा. दुर्बिणीतून स्वच्छ दिसावे म्हणून सलाईन सतत आत सोडावे लागते. ते बाहेर पडायला जागा अपुरी असेल तर किडनीतला दाब वाढतो, आणि तो साधारण ४० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाच्या पुढे गेला की आतली लघवी जंतूंसकट रक्तात ढकलली जाते. शिवाय लेसरची शक्ती म्हणजे प्रत्येक ठोक्याची ऊर्जा गुणिले सेकंदाला ठोके: अर्धा जूल आणि ४० ठोके म्हणजे २० वॅट. ही उष्णता वाहते सलाईन नेते. प्रवाह मंद झाला तर आतले पाणी ऊतींना इजा होईल इतके तापते. दाब कमी हवा आणि प्रवाह भरपूर हवा, ही ती कसरत आहे. नीट बसलेले म्यान आणि हल्ली मिळणारी शोषण करणारी म्याने ती सोपी करतात. तरीही शस्त्रक्रिया दीड तासाच्या पुढे रेटण्यापेक्षा उरलेला खडा पुढच्या बैठकीत काढलेला बरा.

तिसरी वाट पाठीतून, ‘पीसीएनएल’. १९७६ साली स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी ती मांडली. तिच्या प्रगतीत आपल्या शेजारच्या गावाचाही वाटा आहे. बडोद्याहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०११ साली ४.८५ फ्रेंचच्या, म्हणजे जेमतेम १.६ मिमी जाडीच्या, आतून दिसणाऱ्या सुईने ही शस्त्रक्रिया केल्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. पाठीतल्या छिद्राची भीती बाळगणाऱ्या बडोदेकरांना हे माहीत असावे.

या शस्त्रक्रियेत काय होते ते क्रमाने सांगतो. भूल दिल्यावर आधी लघवीच्या मार्गाने ५ किंवा ६ फ्रेंचची नळी मूत्रवाहिनीतून किडनीपर्यंत सरकवतात. मग रुग्णाला पालथे झोपवतात. छातीखाली आणि कमरेखाली उशा देतात, म्हणजे श्वासाला पोट मोकळे राहते. काही सर्जन उताण्या स्थितीतही हे करतात, आणि लठ्ठ रुग्णांत त्याचा फायदा होतो. नळीतून रंगद्रव्य सोडले की सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर किडनीचे कप्पे उमटतात. १८ गेजची सुई निवडलेल्या कप्प्याच्या टोकातून आत घालतात, सुईतून ०.०३५ इंचाची तार, तारेवरून छिद्र रुंद करणारे, क्रमाने जाड होत जाणारे विस्फारक आणि शेवटी म्यान. म्यानातून दुर्बीण आत जाते, खडा हवेच्या दाबावर चालणाऱ्या लिथोक्लास्टने, ध्वनिलहरींनी किंवा लेसरने फोडतात आणि तुकडे चिमट्याने बाहेर काढतात. जुन्या पद्धतीत म्यान २४ ते ३० फ्रेंचचे, म्हणजे ८ ते १० मिमीचे. ‘मिनी’ पद्धतीत १४ ते २० फ्रेंचचे.

या साऱ्यात सुईचा एक वार सर्वांत महत्त्वाचा. दोन्ही किडन्यांतून मिळून मिनिटाला सुमारे लिटरभर रक्त वाहते. कप्प्याच्या टोकातून, सरळ रेषेत गेलेली सुई मोठ्या रक्तवाहिन्या टाळते. कप्प्याच्या मानेतून किंवा थेट मध्यभागी गेलेली सुई त्यांवरच जाते. खडा निघतो दोन्हींत, पण दुसऱ्या प्रकारात रक्त थांबत नाही. रक्त देण्याची वेळ सुमारे ७ टक्के रुग्णांवर येते असे युरोपीय मार्गदर्शिकेत नोंदलेले आहे. वाट बारीक असेल तर हे प्रमाण कमी होते. मात्र बारीक वाटेतून पाणीही बाहेर कमी येते, म्हणून दाबाचा तोच प्रश्न इथेही उभा राहतो. ‘जितके छिद्र लहान तितके चांगले’ हा सरसकट नियम नाही. संपूर्ण किडनीभर फांद्या पसरलेल्या, संसर्गातून झालेल्या हरणशिंगी खड्याला मोठे म्यान आणि भरपूर निचराच हवा. फासळीच्या वरून सुई घालावी लागली तर फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर छातीचा एक्स-रे बघतात. किडनी धुण्यासाठी सलाईनच वापरावे. साधे पाणी रक्तात शोषले गेले तर तांबड्या पेशी फुटतात.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी औषधे पाठीच्या वाटेआधी काही दिवस थांबवावी लागतात, आणि तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा. रुग्णाने भरती होताना सर्व गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणाव्यात. ‘बीपीची एक गोळी’ म्हणून सांगितलेली गोळी रक्त पातळ करणारी निघते, आणि ते टेबलावर कळून उपयोग नसतो.

या सर्वांहून मोठा, आणि बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखा धोका म्हणजे संसर्ग. लघवीची साधी तपासणी पुरेशी नाही; कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, हवे. त्याला दोन ते तीन दिवस लागतात, आणि ‘उद्याच्या पॅकेज’मध्ये बसवण्यासाठी नेमके तेच गाळले जाते. जंतू सापडले तर त्यांना लागू पडणारे प्रतिजैविक आधी देऊन मगच शस्त्रक्रिया करायची. मधुमेह असलेल्या स्त्रिया, आधीपासून स्टेंट असलेले आणि मोठे खडे असलेले रुग्ण यांच्यात हा धोका सर्वांत जास्त. तुंबलेल्या किडनीत पू झाला आणि ताप आला तर ती रात्रीच्या रात्री हाताळायची परिस्थिती असते. अशा वेळी खड्याला हात लावायचा नाही. स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून फक्त निचरा करायचा, ताप उतरू द्यायचा आणि खडा नंतर काढायचा. सुई घातल्यावर पू आला म्हणून सर्जन थांबला, तर त्याने रुग्णाचा जीव वाचवला असे समजावे. अडथळ्याच्या वर असलेले जंतू मूत्राशयातल्या लघवीत सापडतीलच असे नाही. म्हणून किडनीतली लघवी आणि खड्याचा तुकडा हे दोन्ही कल्चरला पाठवणे शहाणपणाचे. त्याचा खर्च थोडा असतो, आणि दुसऱ्या दिवशी ताप चढला तर कोणते औषध द्यायचे ते त्यावरूनच कळते.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवस लघवी गुलाबी दिसणे साहजिक आहे. पाठीच्या वाटेनंतर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्व ठीक असताना सातव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास अचानक लालभडक, गुठळ्यांसह लघवी झाली तर आतल्या जखमी रक्तवाहिनीवर फुगा होऊन तो फुटलेला असू शकतो. घरी पाणी पीत बसू नये, त्याच तासाला रुग्णालयात जावे. अँजिओग्राफी करून तेवढीच वाहिनी आतून बंद करता येते आणि किडनी वाचते. दोन-तीन आठवडे जड उचलू नये. थंडी वाजून १००.४ अंशांच्या वर ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन झोपू नये.

‘खडामुक्त’ हा शब्दही तपासून घ्यावा. ऑपरेशनच्या टेबलावर स्वच्छ दिसले म्हणजे स्वच्छ झाले असे नसते. साधारण चार आठवड्यांनी कमी मात्रेचा सीटी स्कॅन केला तर खरे कळते. सोनोग्राफीला बारीक कण दिसत नाहीत, आणि ४ मिमीपर्यंतचे राहिलेले तुकडेही पुढे वाढू शकतात. निघालेला खडा कोरड्या बाटलीत घालून पृथक्करणाला द्यावा, फॉर्मेलिनमध्ये बुडवू नये. खडा कशाचा होता हे कळले तरच पथ्याला अर्थ येतो. अनेक घरांत दूध बंद होते, आणि ते चुकीचे आहे. जेवणातले कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते. दूध-दही तोडले तर ऑक्झलेट लघवीत वाढते. अळूचे फदफदे किंवा पालक खायचा तर दह्यासोबत खावा. कमी करायचे ते मीठ: लोणची, पापड, फरसाण, सेव-उसळीवरची शेव. पाणी इतके प्यावे की चोवीस तासांत लघवी दोन ते अडीच लिटर भरेल. मे महिन्यातल्या बडोद्यात त्यासाठी प्यायचे तीन लिटर पुरत नाहीत, आणि नवरात्रात चार तास गरबा खेळणाऱ्यांनी तर घामाचा हिशेब वेगळाच धरावा. लिंबू-पाणी चांगले, साखर आणि मीठ बेताचे घालून.

शेवटी स्टेंट. दोन्ही टोकांना वळणदार आकडा असलेली, २४ ते २८ सेंटिमीटर लांबीची ही मऊ नळी एक टोक किडनीत आणि दुसरे मूत्राशयात ठेवून बसवतात, म्हणजे सुजेमुळे मूत्रवाहिनी बंद पडत नाही. तिला ‘डीजे’ म्हणतात. तिच्यामुळे वारंवार लघवी लागते, लघवी करताना कमरेत कळ येते, कधी लाली दिसते; हे सारे ती काढली की थांबते. काहींना यातले काहीच जाणवत नाही, आणि खरी काळजी त्यांचीच. नळी आत आहे हेच ते विसरतात. गणपती झाले की काढू, मग दिवाळी झाली की काढू, मग मुलाकडे परदेशात जाऊन आल्यावर काढू. लघवीतले क्षार मात्र नळीवर रोज बसत असतात. मुतखड्याच्या रुग्णांमधल्या स्टेंटविषयी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी ९.२ टक्क्यांवर, सहा ते बारा आठवड्यांत ४७.५ टक्क्यांवर आणि त्यानंतर ७६.३ टक्क्यांवर क्षारांचा थर आढळला. थर जाड झाला की नळी ओढून निघत नाही. ओढली तर तुटते. मग मूत्राशयातला खडा वेगळा फोडायचा, मूत्रवाहिनीत दुर्बीण घालायची आणि वरच्या आकड्याभोवतीचा खडा काढायला पाठीतून जायचे. वेळेवर काढली असती तर हेच काम लघवीच्या जागी बधिर करणारी जेली लावून, मऊ दुर्बिणीने, पाच मिनिटांत झाले असते.

यात रुग्णाचीच चूक आहे असे आम्ही मानत नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘डीजे स्टेंटिंग डन’ एवढे इंग्रजीत, बारीक अक्षरात, दहा ओळींच्या खाली लिहिलेले असते. शहरातल्या सर्व रुग्णालयांना आमची विनंती आहे की त्या कागदाच्या पहिल्या ओळीतच स्टेंट आहे की नाही, कोणत्या बाजूला, बसवल्याची तारीख आणि काढण्याची तारीख हे गुजराती व मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे. बसवलेल्या प्रत्येक नळीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी, आणि तारीख उलटली की त्या घरी फोन करावा. या वहीला एक परिचारिका आणि आठवड्यातला एक तास पुरतो. आयुष्मान कार्डावर शस्त्रक्रिया होत असेल तर स्टेंट काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे भरतीच्या दिवशीच आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे, कारण दोन-तीन हजारांसाठी नळी आत राहून जाते. घरच्यांनी ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहावी, आणि रुग्णाखेरीज आणखी एकाच्या मोबाईलमध्येही नोंदवावी.

आपल्याकडेही एक मागणे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्ण मिळवण्यासाठी डॉक्टरने जाहिरात करणे अनैतिक आहे. ‘शंभर टक्के खडामुक्ती’ किंवा ‘एका दिवसात लेसरने’ असा दावा असलेला मजकूर आपल्या दैनिकाकडे आला तर तो छापण्याआधी एवढे विचारावे: किती मोठ्या खड्यासाठी, कोणत्या वाटेने, आणि आत नळी राहणार का?

आपले,
मूत्ररोग शस्त्रक्रिया विभागात काम केलेले दोन शल्यचिकित्सक व एक शस्त्रक्रियागृह परिचारिका
दांडियाबाजार, बडोदे